तालमीबाहेरचे स्नायू

आनंद यादव कागलचे. त्यांच्या ‘नटरंग’ कादंबरीचा नायक गुणा, त्याचं आडनावही कागलकर. रानात राबलेला, अंगापिंडानं पैलवान शोभेल असा हा गडी तमाशाच्या फडासाठी नाच्या व्हायचं ठरवतो आणि त्या नादात स्वतःचं कमावलेलं शरीर मोडून टाकतो. २०१० साली यावर सिनेमा आला, तेव्हा अतुल कुलकर्णींनी आधी अंग कसं भरलं आणि मग ते कसं उतरवलं याची चर्चा गावोगाव झाली. गुणाच्या पुरुषपणाबद्दल आणि कलेच्या वेडाबद्दलही पुष्कळ लिहिलं गेलं. मला मात्र त्या गोष्टीत शरीरशास्त्राचा एक धडा दिसतो. दंड-मांड्या एकदा कमावल्या म्हणून जन्माच्या मालकीच्या होत नाहीत. वापर थांबला की शरीर त्यांना मोडीत काढायला लागतं. गुणानं हे जाणूनबुजून केलं. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या आणि आजाऱ्यांच्या बाबतीत तेच आपण मायेपोटी करतो.

खरं तर स्नायू कसा घडतो हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, १९०२ च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोझियम पाहिलं आणि परतल्यावर खासबागेचं मैदान बांधायचं मनावर घेतलं. १९१२ साली ते पुरं झालं. त्यानंतरच्या शंभर वर्षांत मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींनी गणपतराव आंदळकर, दादू चौगुले, युवराज पाटील असे मल्ल दिले. तालमीतला वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारायला लावत नाही. रोज थोडी भर, मेहनतीनंतर खुराक, अंगाला मालिश आणि रात्री वेळेवर झोप. व्यायामशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांचा सगळा गाभा यात आला. अडचण एवढीच की हे ज्ञान आपण तालमीच्या उंबऱ्याच्या आत ठेवलं. ज्याला काही जिंकायचंय, जो तरुण आहे आणि पुरुष आहे, त्याच्यासाठीच ते. कागल तालुक्यातल्या मुरगूडला आता मुली मॅटवर कुस्ती शिकतात, म्हणजे एक भिंत तरी पडली. वयाची आणि आजारपणाची भिंत अजून जशीच्या तशी उभी आहे. त्या भिंतीपलीकडे एकच उपचार चालतो, तो म्हणजे आराम.

या आरामाचं काय होतं ते आधी पाहू. एखाद्या घरातली सत्तरीची आजी न्हाणीघरात घसरते. खुब्याचं हाड मोडतं. कोल्हापुरात नेऊन ‘बॉल बदलतात’ किंवा ‘रॉड घालतात’, आणि शस्त्रक्रिया चांगली होते. डॉक्टर दुसऱ्या दिवशी उभं करा म्हणतात, वॉकर धरून चार पावलं टाकून घेतात आणि घरी सोडतात. घरी आल्यावर खरी गंमत सुरू होते. सून पाणी हातात देते, लेक कॉटजवळ भांडं ठेवतो, नातेवाईक येतात, बिस्किटांचे पुडे ठेवतात आणि जाताना बजावतात, ‘म्हातारे, आता उठायचं न्हाई हां, पडून ऱ्हा.’ महिन्याभरात जखम भरलेली असते आणि आजी कायमची कॉटवर गेलेली असते. लोक म्हणतात, ऑपरेशन मानवलं नाही. ऑपरेशन मानवलं होतं. मानवलं नाही ते नंतरचं पडून राहणं.

हे अंदाजपंचे बोलणं नाही. २००७ साली अमेरिकेत साठीपुढची, तब्येतीनं ठणठणीत माणसं मुद्दाम दहा दिवस अंथरुणावर ठेवून पाहिली. आजार काही नाही, जेवण नेमून दिलेलं. तरीही दहा दिवसांत त्यांच्या पायांवरचं जवळपास एक किलो मांस उतरलं. तरुणाचं इतकं आणि इतक्या लवकर उतरत नाही. आजारी माणसाची गत आणखी वाईट. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या मांडीच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सोनोग्राफीनं मोजत गेले. दहाव्या दिवसापर्यंत त्यातला सुमारे १८ टक्के भाग गेला होता. आयसीयूमधून सुखरूप बाहेर आलेला माणूस पुढं सहा-सहा महिने जिना चढू शकत नाही, याचं बरंचसं उत्तर या आकड्यात आहे. आपण बिल बघतो, रिपोर्ट बघतो. मांडी कुणी बघत नाही.

आता स्नायू दुरुस्त कसा होतो याकडे वळतो, कारण तिथंही आपल्या समजुती गमतीदार आहेत. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो हा शास्त्रज्ञ बेडकाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. स्नायूच्या तंतूला अगदी चिकटून, त्याच्या आवरणाच्या आतच, काही छोट्या पेशी निपचित बसलेल्या त्याला दिसल्या. या उपग्रह पेशी. एरवी त्या झोपलेल्या असतात. स्नायू फाटला, चेंगरला, मुका मार बसला की जाग्या होतात, आपली संख्या वाढवतात आणि तुटलेल्या तंतूंत मिसळून नवे तंतू उभे करतात. त्याआधी पहिल्या काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं धाव घेतात आणि मोडतोड झालेला भाग साफ करतात. आपल्याला दिसते ती सूज, ठणका आणि गरमपणा म्हणजे बहुतांशी ही सफाई. तीच मंडळी पुढं उपग्रह पेशींना कामाला लागण्याचे निरोपही देतात. आठवडा-दीड आठवड्यात नवे तंतू दिसू लागतात. पण ते ताणाच्या रेषेत नीट रचले जायचे तर स्नायूवर हळूहळू ताण यावा लागतो. तसा तो आला नाही तर मधली जागा कडक व्रणाच्या ऊतीनं भरते, आणि तिथंच पुन्हा फाटतं.

मार बसला की बर्फ लावा, बांधा, हलवू नका, हा सल्ला जगभर रूढ करणारे डॉक्टर गेब मर्किन. १९७८ च्या त्यांच्या पुस्तकातून तो सगळीकडे पोचला. २०१४ साली त्यांनी स्वतःच सांगितलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती दोन्ही बरं होणं लांबवू शकतात. आता क्रीडावैद्यक सांगतं की पहिले एक-दोन दिवस सांभाळा, मग वेदना सोसवेल इतपत हालचाल सुरू करा. वस्ताद हेच करतो. पाय लचकलेल्या पैलवानाला तो महिनाभर घरी बसवत नाही, हौदाच्या कडेनं हलकं फिरवतो, हातांची मेहनत चालू ठेवतो.

म्हणून तालमीतलं सगळंच खरं असंही नाही. ताज्या माराला, विशेषतः कोपराला, रगडून मालिश केल्यामुळे स्नायूच्या आतच हाड तयार होऊ शकतं आणि हात कायमचा अडकू शकतो. आपल्याकडच्या हाडांच्या डॉक्टरांना ही केस पाठ आहे. हाडवैद्याकडून आलेली पोरं त्यांनी पुष्कळ पाहिलीत. ‘आमच्या आज्यापासून असंच करतात’ हा काही पुरावा होत नाही. मात्र पदवी भिंतीवर टांगलेली आहे एवढ्यानं ‘सहा आठवडे हलू नका’ हाही पुरावा होत नाही. दोघांनाही एकच कसोटी लावली पाहिजे, की रुग्ण शेवटी उठून चालला का.

या वयात स्नायू वाढणार कसला, असं विचारणाऱ्यांसाठी १९९० चा एक छोटासा प्रयोग आहे. मारिया फियातारोने या डॉक्टरीणबाईंनी बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातली दहा माणसं घेतली. वय ८६ ते ९६. हृदयविकार, संधिवात, पूर्वी पडून मोडलेली हाडं, सगळं होतं. आठ आठवडे त्यांच्याकडून मांडीचा व्यायाम वजन लावून करून घेतला, तोही नावापुरता नव्हे, चांगला जड. ज्यांनी तो पुरा केला त्यांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी सोडली. नव्वदीत. पुढं व्यायाम बंद केल्यावर ती ताकद भराभर उतरलीही, म्हणजे गुणा कागलकरचाच नियम. १९९४ मध्ये त्यांनीच शंभर जणांवर मोठा प्रयोग केला. त्यात काहींना व्यायाम दिला, काहींना पूरक आहार, काहींना दोन्ही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद वाढली. नुसता पूरक आहार घेणाऱ्यांची वाढली नाही. घरात कुणी आजारी पडलं की मेडिकलमधून प्रोटीन पावडरचा डबा आणून जबाबदारी संपली असं मानणाऱ्यांनी हा निकाल डब्यावर चिकटवून ठेवायला हरकत नाही.

वय होईल तसं स्नायूंचं हे उतरत जाणं सगळ्यांना दिसत होतं, पण वैद्यकानं त्याला वेगळं नाव दिलं ते १९८८ मध्ये, आयर्विन रोझेनबर्ग यांनी: सार्कोपेनिया. अमेरिकेत त्याला आजार म्हणून स्वतंत्र क्रमांक मिळायला २०१६ उजाडलं. नाव मिळणं महत्त्वाचं अशासाठी की नाव नसलेल्या आजाराची केसपेपरवर नोंद होत नाही. ‘म्हातारपण’ ही काही नोंद नव्हे.

इथं एक आक्षेप हमखास येतो. आमच्याकडची माणसं राबून खातात, त्यांना कसला आलाय व्यायाम? शेतात दिवसभर वाकणाऱ्या बाईला बैठका मारायला सांगणं म्हणजे थट्टाच की. आक्षेप वजनदार आहे. दिवाळीच्या आसपास बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या इकडे उतरतात, शाहू, बिद्री, हमीदवाडा या कारखान्यांसाठी ऊस तोडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. दिवसभर वाकून तोडायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. रात्री-अपरात्री गाडी आली तर उठून भरायचं. इतकं ओझं वाहणाऱ्या बाईचे स्नायू लोखंडासारखे असायला हवेत. प्रत्यक्षात चाळिशीतच तिची कंबर आणि गुडघे धरलेले असतात. कारण मेहनत आणि व्यायाम यांत एक फरक आहे. वस्ताद मेहनतीनंतर खुराक देतो आणि झोपवतो, मुकादम देत नाही. दुरुस्ती होते ती विश्रांतीच्या वेळात, पोटात गेलेल्या प्रथिनांच्या बळावर. ते दोन्ही नसेल तर उरते ती नुसती झीज. तेव्हा त्या बाईला व्यायाम सांगायच्या आधी सुट्टी आणि दूध सांगावं लागेल, आणि ते लिहून देण्याचा अधिकार कुठल्याही डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनला नाही. स्नायूंच्या आरोग्याचं बोलणं मजुरीच्या दरापर्यंत जातं ते असं.

दुधाचं निघालंच आहे म्हणून सांगतो. हा दुधाचा जिल्हा. पहाटे गल्लीच्या तोंडाशी संस्थेत दूध घालायला रांग लागते, फॅट लागतं, दहा दिवसांनी बिल येतं. त्या घरातल्या म्हातारीच्या वाट्याला मात्र सकाळी चहा-बटर येतं. दुपारी भाकरी आणि पातळ आमटी, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री थोडा भात. दात नाहीत म्हणून रविवारचं मटण तिला चावत नाही. तांबडा-पांढरा रस्सा मिळतो, फोडी नातवाच्या ताटात जातात. वर एकादशी आणि सोमवारचे उपास. ढोबळ हिशेब केला तर तिच्या पोटात दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं जात असतील. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितलंय. म्हातारपणी स्नायू अन्नाला लवकर दाद देत नाही, म्हणून जगातले बरेच तज्ज्ञ वृद्धांसाठी १ ते १.२ ग्रॅम धरतात. पन्नास किलोच्या बाईला ५० ते ६० ग्रॅम झाले. एक अंडं म्हणजे सहा ग्रॅम, म्हशीच्या दुधाचा मोठा पेला सात-आठ ग्रॅम. आकडे काही आवाक्याबाहेरचे नाहीत. खुराक हा शब्द आपण पैलवानासाठी राखून ठेवलाय आणि म्हातारीसाठी ‘हलकं काहीतरी’, अडचण तिथं आहे.

आपल्याला हे सगळं युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त लागू पडतं, आणि त्याचा पुरावा पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा माग ठेवला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण हा फरक अंगभर सारखा नव्हता. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, चरबी मात्र जवळपास टिकून होती. म्हणजे दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. याज्ञिकांनी पुढं २००४ मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत एकच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. अख्ख्या देशाच्या तब्येतीची गोष्ट त्या एका फोटोत आली. जेवल्यावर रक्तात येणारी बरीचशी साखर स्नायू उचलतात. स्नायूच कमी, तर साखर जाणार कुठं? त्यामुळे चाळिशीत मधुमेह झालेल्या आपल्या माणसाला ‘वजन कमी करा’ एवढंच सांगणं अर्धवट आहे. नव्या इंजेक्शनांनी वजन झपाट्यानं उतरतं, त्या उतरलेल्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो, आणि आपल्याकडे मुळात शिल्लकच तुटपुंजी.

गुडघ्यांचंही तसंच. ‘वाटी झिजली’, ‘वंगण संपलं’ हे निदान आता एसटी स्टँडवरही होतं. त्यावर उपाय म्हणून मांडी घालणं बंद, खाली बसणं बंद, प्लास्टिकची खुर्ची आणि कमोड सुरू. फार झिजलेल्या गुडघ्याला ते लागतंही. पण सांध्याच्या झिजेत पहिल्या फळीचा उपचार म्हणून जगभरची मार्गदर्शक तत्त्वं मांडीचा स्नायू बळकट करायला सांगतात. गुडघ्यावर येणारा भार मांडी झेलते. खुर्ची दिली आणि मांडीचा व्यायाम दिला नाही, तर दोन वर्षांत खुर्चीतून उठणंही जातं.

खुर्चीचा दुसरा उपयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हात न टेकता, छातीवर घडी घालून, खुर्चीतून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये ठरवलं की याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंकडे लक्ष द्या. हाताची पकड पुरुषाची २८ किलोच्या खाली, बाईची १८ च्या खाली असेल तरी लक्ष द्या. पकडीचा आकडा नुसता ताकदीचा नसतो. भारतासह १७ देशांतल्या जवळपास १,४०,००० लोकांच्या पाहणीत, २०१५ मध्ये असं दिसलं की पकड दर पाच किलोंनी कमी असेल तसा मृत्यूचा धोका साधारण १६ टक्क्यांनी जास्त. वरच्या रक्तदाबापेक्षा पकडीनं हा धोका चांगला ओळखला. आशियाई गटाचे आकडे मुख्यतः पूर्व आशियातल्या माणसांवरून बसवलेत हे खरं. भाकरी खाणाऱ्या, ऊस पिकवणाऱ्या, उकिडवं बसायची सवय असलेल्या आपल्या लोकांचे आकडे आपणच काढायला हवेत. संशोधन म्हटलं की आपल्याला मोठी यंत्रं दिसतात. इथं लागतं घड्याळ, खुर्ची आणि दहा वर्षं चिकाटीनं नोंद ठेवणारी माणसं. याज्ञिकांनी खेड्यांत तेच केलं.

औषधाच्या गोळीकडे डोळे लावून बसलेलेही पुष्कळ आहेत. १९९७ मध्ये स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं मायोस्टॅटिन सापडलं. त्याचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे स्नायू दुप्पट भरले, तेव्हा वाटलं की आता म्हातारपणावर औषध आलंच. हा लगाम सैल करणाऱ्या एका औषधाची चाचणी अशक्त वृद्धांवर झाली. त्यात औषध घेणाऱ्यांचं मांस वाढलं, पण चालण्या-उठण्यात ते दुसऱ्या गटाच्या पुढं गेले नाहीत. दुसऱ्या गटाला औषध नव्हतं, दोन्ही गटांना साधा व्यायाम आणि नीट आहार होता, आणि दोघंही सुधारले. मांस आणि ताकद एक नव्हे, हे पैलवानाला सांगावं लागत नाही. फुगलेला गडी पाठीवर पडताना त्यानं पाहिलेला असतो. जिमच्या पोरांना मात्र सांगावं लागतं. शस्त्रक्रियेत उतरलेला रक्तदाब चढवायचं मेफेंटरमिन व्यायामाआधी टोचून घेण्याचं खूळ महाराष्ट्रभर पसरलंय, आणि ते हृदयाशी खेळतं.

मग करायचं कुणी? हा आक्षेप मला सगळ्यात अवघड वाटतो. ९६ वर्षांच्या माणसाकडून वजन उचलून घ्यायचं तर शेजारी जाणकार उभा हवा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे ९.९ टक्के होते, आता त्याहून जास्त असतील. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, त्यात जिल्ह्याला फिजिओथेरपिस्ट आणि खाली पुनर्वसन कर्मचारी कागदावर आहेत. २०२१ मध्ये फिजिओथेरपीसह सगळ्या सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी कायदा झाला. वैद्यकीय शिक्षण खातं २०२३ मध्ये कागलच्याच आमदारांकडे, हसन मुश्रीफ यांच्याकडे, आलं. तेव्हा मागणी करायला लांब जायला नको. पण फिजिओथेरपिस्ट आला तरी तो आठवड्यातून अर्धा तास भेटणार. उरलेले दिवस सुनेचे आणि लेकाचे, आणि त्यांना रानातलं, गोठ्यातलं, एमआयडीसीतल्या पाळीचं काम आहे. आजीला पाणी नेऊन द्यायला एक मिनिट लागतं. तिला उठवून, धरून, माठापर्यंत चालवत न्यायला पंधरा. घराघरात पडून राहण्याचा उपचार जिंकतो तो या चौदा मिनिटांच्या फरकानं, आणि त्याला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं होईल.

म्हणून सुरुवात रुग्णालयाच्या बाजूनं व्हावी असं माझं म्हणणं. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या लिहितात तसं दिवसातून किती वेळा उठवायचं, किती वेळा खुर्चीतून उभं करायचं, किती अंडी किंवा किती दूध, हे मराठीत, आकड्यात लिहून द्यावं. ‘हालचाल ठेवा’ असं मोघम लिहिलेलं कुणी पाळत नाही, ‘सकाळी पाच, दुपारी पाच, संध्याकाळी पाच’ लिहिलेलं पाळतात. गोळ्यांचं तसंच तर चालतं. आणि पुढच्या तपासणीला वजन, बीपी, साखर यांच्याखाली आणखी एक ओळ असावी: पाच वेळा उठायला किती सेकंद लागले.